नंदाखालच्या धर्मग्रामाचा इतिहास लिहिताना पेशवाईनंतरची पोकळी कशी भरून काढावी?

माहेरवाशीण यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. वसई तालुक्यातील नंदाखाल हे माझे माहेर. आगाशी, निर्मळ आणि अर्नाळा यांच्या शेजारी वसलेल्या या गावातील पवित्र आत्म्याच्या चर्चचे स्थापनावर्ष १५७३ असे नोंदलेले आहे, म्हणजे धर्मग्रामाने (एका चर्चभोवतीच्या ख्रिस्ती वस्तीने) साडेचार शतके ओलांडली आहेत. गावातील काही हौशी मंडळींनी मिळून या धर्मग्रामाचा इतिहास मराठीत लिहून काढायचे ठरवले असून, पेशवाईपासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंतचा भाग माझ्या वाट्याला आला आहे.

अडचण अशी की, पोर्तुगीज अमदानीबद्दल लिहायला बसले की पाने भराभर भरतात. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, त्यानंतर फ्रान्सिस्कन आणि येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू आले, किल्ला उभा राहिला, गावोगावी चर्च झाली, हे सारे अनेकांनी लिहून ठेवले आहे. मग चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, तेथे प्रकरण संपते, आणि पुढचे प्रकरण उघडते ते थेट शाळा, पतपेढी आणि नव्या इमारतीच्या बांधकामाने. मधली दीडशे वर्षे आमच्या मसुद्यात कोरीच आहेत. गावातील एक वडीलधारे गृहस्थ सांगतात की, पाद्री निघून गेले आणि लोकांनी घरोघरी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणूनच धर्म टिकवला. दुसरे तितक्याच खात्रीने सांगतात की, चर्चमधील मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, एक दिवसही बंद पडली नाही. दोघांनीही आपापल्या आजोबांकडून ऐकलेले आहे आणि दोघांचाही मला आदर आहे, पण पुस्तकात दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या म्हणून छापता येणार नाहीत.

या काळाची माहिती नेमकी कोठे शोधावी? चर्चमधील जुन्या वह्या पोर्तुगीज भाषेत असतात असे ऐकले आहे आणि आमच्यापैकी कोणालाही ती भाषा येत नाही. शिवाय आमचे पुस्तक निर्मळ आणि आगाशीचे हिंदू शेजारीही वाचतील, त्यामुळे धर्मांतर, देवळे आणि चर्चच्या घंटा यांबद्दल कोणत्या शब्दांत लिहावे, याविषयीही अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे.

जुने दप्तर यांचे उत्तर

माहेरवाशीणताई, हा प्रश्न आपण विचारलात याचे मनापासून समाधान वाटले. वसईतील बहुतेक धर्मग्रामांच्या स्मरणिकांत नेमकी हीच पाने गळालेली असतात, आणि माझ्या मते वसईच्या ख्रिस्ती समाजाच्या इतिहासातील सर्वांत मोलाचा काळ नेमका तोच आहे.

सर्वप्रथम एक तारीख दुरुस्त करून घ्यावी. वसईचा किल्ला मे १७३९ मध्ये पडला हे खरे, परंतु नंदाखालच्या दृष्टीने निर्णायक वर्ष १७३७ आहे. मराठ्यांची मोहीम त्या वर्षी सुरू झाली, ठाणे त्यांच्या हाती आले आणि पाठोपाठ अर्नाळ्याचे बेटही आले. अर्नाळा आपल्या गावापासून किती जवळ आहे, हे मी आपणास सांगायला नको. म्हणजे वसईच्या तटबंदीत पोर्तुगीज कुटुंबे अजून राहत होती, त्या दोन वर्षांत आपला परिसर प्रत्यक्ष युद्धाच्या वाटेवर होता. त्या काळात धर्मगुरू गाव सोडून गेले असतील, मिस्सा बंद पडली असेल आणि लोकांनी घरीच प्रार्थना केली असेल, हे सहज संभवते. मात्र युद्धाची ही दोन वर्षे आणि त्यानंतरची पेशवाईची सुमारे ऐंशी वर्षे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्या गावातील एका आजोबांची आठवण पहिल्या काळातून आणि दुसऱ्यांची दुसऱ्या काळातून उतरत आलेली असावी, असा माझा तर्क आहे. तसे असेल तर दोघांचेही म्हणणे पुस्तकात येऊ शकेल, फक्त प्रत्येकाला त्याचा योग्य काळ द्यावा लागेल.

किल्ला सोडताना जो तह झाला, त्यात ज्यांना जायचे आहे त्यांना चीजवस्तूंसह जाऊ द्यावे आणि जे राहतील त्या ख्रिस्ती लोकांना आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक असावी, असे ठरले होते. आता गेले कोण आणि राहिले कोण, याचा विचार करावा. गेले ते सैनिक, अधिकारी, जमीनदार पोर्तुगीज घराणी आणि त्यांच्या आश्रयावर चालणारे मठ. किल्ल्यातील फ्रान्सिस्कन, येशूसंघीय, डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियन या संघांच्या भव्य वास्तू याच लोकांसाठी होत्या, म्हणून लोक जाताच त्या ओस पडल्या. आज तेथे छपराविना भिंती तेवढ्या उभ्या दिसतात. गावचा ख्रिस्ती मनुष्य मात्र बागायतदार होता. केळीची बाग, पानवेल, विहीर आणि रहाट सोडून तो कोठे जाणार? तो राहिला, म्हणून त्याचे चर्चही राहिले. किल्ल्यातील चर्च मोडकळीस आली आणि गावांतील टिकली, यामागे माझ्या समजुतीप्रमाणे हे मुख्य कारण आहे, आणि आपल्या प्रकरणाचा कणा म्हणून ते मांडावे अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

मग धर्मगुरू कोठून आले? युरोपीय संघांचे पाद्री गेल्यावर ही धर्मग्रामे गोव्याच्या आर्चबिशपांच्या अधिकाराखालील देशी धर्मगुरूंनी सांभाळली. गोव्यात तोपर्यंत स्थानिक धर्मगुरूंच्या अनेक पिढ्या तयार झालेल्या होत्या, आणि मराठी मुलखात काम करण्यासाठी पोर्तुगीज पाद्र्यांपेक्षा तेच अधिक सोयीचे होते. या व्यवस्थेचे डोळ्यांनी पाहिलेले वर्णनही उपलब्ध आहे. आंकेतील द्यु पेरों हा फ्रेंच विद्वान १७६० साली साष्टीत, ठाण्याच्या बाजूला आला असताना त्याने एका चर्चचा सण पाहिला. देशी धर्मगुरू थाटामाटात विधी करीत होते, हजारो ख्रिस्ती लोक जमले होते आणि मराठ्यांच्या राज्यात रस्त्यांवरून त्यांची ये-जा बिनधास्त चालली होती, असे त्याने लिहून ठेवले आहे. साष्टी म्हणजे वसई नव्हे हे मान्य, पण दोन्ही भाग एकाच सत्तेखाली होते आणि चर्चची व्यवस्थाही एकच होती, त्यामुळे हा पुरावा आपणास आधारासाठी निश्चित घेता येईल. या काळाला ‘अंधारयुग’ म्हणण्याची जी सवय आपल्या लेखकांना लागली आहे, ती सोडून द्यावी असे माझे स्पष्ट मत आहे.

कागद कोठे शोधावेत, हे धर्मग्राम त्या त्या वेळी कोणाच्या अधिकाराखाली होते यावर अवलंबून आहे. १८८६ पर्यंत सर्वसाधारणपणे गोव्याचे आर्चबिशप. त्या वर्षी पोप तेरावे लिओ आणि पोर्तुगाल यांच्यात करार होऊन दमणचा धर्मप्रांत निर्माण झाला, तेव्हापासून दमणचे बिशप. १९२८ साली तो धर्मप्रांत विसर्जित झाल्यावर मुंबईचे आर्चबिशप. आणि २२ मे १९९८ पासून वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत. म्हणजे एकाच चर्चचा पत्रव्यवहार चार ठिकाणी विभागला गेलेला असणार. पेशवाईच्या काळासाठी पणजीला गोव्याच्या आर्चबिशपांचे अभिलेखागार आणि तेथीलच सरकारी पुराभिलेखागार या दोन जागा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. मराठी बाजूने पुण्याचे पेशवे दप्तर आहे. वसईच्या मोहिमेचे निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांनी संपादित केलेल्या खंडांत छापलेले असल्यामुळे त्यांसाठी मोडी शिकावी लागणार नाही; सुभ्याच्या रोजच्या कारभाराचे कागद मात्र मोडीतच वाचावे लागतील, आणि गावाच्या नावाने काही सापडले तर ते तेथेच सापडेल.

इंग्रजी अमलासाठी १८८२ साली प्रसिद्ध झालेले ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर पाहावे. त्याची सुरुवातीची पाने वाचून थांबू नये. ख्रिस्ती समाजावरील भाग आणि स्थळवर्णनाचा स्वतंत्र खंड हे दोन्ही पाहावेत. मध्यंतरी १७८० साली इंग्रजांनी वसई घेतली होती आणि सालबाईच्या तहानंतर ती पेशव्यांना परत दिली, साष्टी मात्र स्वतःकडे ठेवली. त्यामुळे १८१८ पर्यंत वसई आणि साष्टीतले वांद्रे ही दोन वेगळ्या राज्यांत होती. मुंबईतील ख्रिस्ती गावठाणांचा इतिहास जसाच्या तसा उचलून वसईला लावला जातो तेव्हा हे वारंवार विसरले जाते, म्हणून येथे लिहून ठेवतो.

कसर यांचे उत्तर

वर ‘जुने दप्तर’ यांनी बाहेरच्या कागदांबद्दल इतके नेमके लिहिले आहे की, मी फक्त चर्चच्या कपाटातील वह्यांबद्दल लिहितो. मी काही वर्षे अशा नोंदवह्यांची छायाचित्रे घेणे आणि त्यांची अनुक्रमणिका करणे हे काम करीत आहे.

पोर्तुगीज येत नाही म्हणून घाबरू नये. या नोंदी ठरावीक साच्यात लिहिलेल्या असतात आणि साचा एकदा कळला की, सुमारे शंभर शब्दांच्या ज्ञानावर वही वाचता येते. कॅथलिक चर्चच्या त्रेंत येथील धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहाची वही सक्तीची केली आणि १६१४ च्या रोमन विधिसंहितेने बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि कुटुंबवार लोकांची यादी अशा पाच वह्या प्रत्येक धर्मग्रामाने ठेवाव्यात असे सांगितले. बाप्तिस्म्याच्या नोंदीचा मजकूर साधारणपणे असा असतो: अमुक वर्षी, अमुक महिन्याच्या अमुक दिवशी, या चर्चमध्ये मी, खाली सही करणारा, अमुक नावाच्या बालकाला विधिपूर्वक बाप्तिस्मा दिला, ते अमुक आणि अमुक यांचे औरस मूल असून अमुक तारखेला जन्मले, आईबाप अमुक पाड्यात राहणारे, धर्मपिता अमुक, धर्ममाता अमुक. खाली धर्मगुरूची सही. तारखा आकड्यांत न लिहिता अक्षरी लिहिण्याची पद्धत होती, म्हणून महिन्यांची नावे आणि शंभरपर्यंतचे पोर्तुगीज अंक प्रथम पाठ करावेत.

आता या एका नोंदीतून काय काय निघते ते पाहा. सह्या क्रमाने उतरवल्या की धर्मगुरूंची यादी आपोआप तयार होते, आणि ती सांगोवांगीच्या यादीपेक्षा कितीतरी विश्वासार्ह असते. कोणता धर्मगुरू कोणत्या महिन्यात आला आणि कोणत्या महिन्यात शेजारच्या चर्चच्या धर्मगुरूने येऊन काम चालवले, हेही कळते. आपल्या दोन आजोबांचा वाद मिटवायचा असेल तर हाच मार्ग आहे. उपलब्ध वहीत सह्यांमध्ये खंड कोठे पडतो ते पाहावे. मात्र वहीच नसणे याचा अर्थ चर्च बंद होते असा काढू नये, कारण वाळवी, गळके छप्पर आणि लोहयुक्त शाई या तिघांनी मिळून कोकणातील जितक्या वह्या खाल्ल्या, तितक्या कोणत्याही लढाईने नेल्या नसतील. त्या शाईची पाने उघडताना अक्षरांच्या रेषेवरच कागद तुटतो. अशी वही सपाट दाबू नये, दोन्ही बाजूंना उशीसारखा आधार देऊन अर्धवट उघडावी आणि फ्लॅश न वापरता दिवसाच्या उजेडात छायाचित्र घ्यावे.

धर्ममातापित्यांच्या रकान्याकडे बहुतेक लोक दुर्लक्ष करतात. माझ्या अनुभवाप्रमाणे गावाचा सामाजिक इतिहास त्याच रकान्यात असतो. डिमेलो, लोपीस, परेरा, रॉड्रिग्ज अशी मोजकी आडनावे सर्वत्र असल्यामुळे केवळ आडनावावरून घराणे ओळखता येत नाही. पाड्याचे नाव आणि धर्ममातापिता कोण, हे जोडून पाहिले की कोणती घरे एकमेकांशी जोडलेली होती, कोणत्या गावाशी सोयरीक होती आणि कोणत्या गावाशी नव्हती, हे स्वच्छ दिसू लागते. सामवेदी, वाडवळ, कोळी, भंडारी या समाजांचे एकाच चर्चमधील परस्परसंबंध कसे बदलत गेले, हेही येथेच सापडेल.

मृत्यूची वही महिन्यावार वाचावी. एरवी ठरावीक संख्येने येणाऱ्या नोंदी एखाद्या महिन्यात एकदम दाटीवाटीने येऊ लागल्या की तेथे साथ आली होती असे समजावे. १८१८ नंतरची पटकी, १८९६ पासूनचा प्लेग आणि १९१८ चा इन्फ्लुएन्झा या तीन काळांकडे विशेष लक्ष द्यावे. प्लेगच्या वेळी मुंबईच्या गावठाणांत नवसाचे क्रूस उभारले गेले, हे सर्वश्रुत आहे. आपल्या गावातील आळीच्या तोंडाशी असलेल्या क्रूसांवर वर्षे कोरलेली असतील तर ती मृत्यूच्या वहीशी ताडून पाहावीत. मला स्वतःला हे काम सर्वांत हृद्य वाटते, कारण गावाने दुःखाच्या काळात काय केले, हे कोणत्याही बिशपच्या पत्रात लिहिलेले नसते.

विसाव्या शतकातील संशोधनाला आणखी एक सोय आहे. १९०८ पासून लागू झालेल्या नियमानुसार विवाह झाला की त्याची नोंद वधूवरांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या समासात करावी लागते, त्यामुळे गावातील मुलगी लग्न होऊन कोठे गेली, हे समासातच मिळते. या वह्यांखेरीज चर्चच्या निधीच्या, म्हणजे फाब्रिकाच्या, हिशेबवह्या असतील तर त्या मुळीच सोडू नयेत. दिव्याचे तेल, मेणबत्त्या, कौलांची दुरुस्ती, सणाचा खर्च, बागेचे उत्पन्न अशा नोंदींतून धर्मग्राम कोणाच्या जिवावर चालत होते, ते कळते.

एक विनंती मात्र कळकळीने करतो. प्रमुख धर्मगुरूंची लेखी परवानगी घेतल्याशिवाय काम सुरू करू नये, आणि गेल्या शंभर वर्षांतील नोंदी नावानिशी छापू नयेत. औरस-अनौरस, आजार, घरातून निघून जाणे अशा गोष्टी या वह्यांत स्पष्ट लिहिलेल्या असतात, आणि त्या माणसांची नातवंडे आज गावात राहत आहेत.

माहेरवाशीण

दोघांचेही मनःपूर्वक आभार. १७३७ आणि १७३९ यांतील फरक आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आला नव्हता. धर्मगुरूंची परवानगी मागणारे पत्र या आठवड्यात देत आहोत. घंटांविषयी कोणी लिहू शकेल का? पोर्तुगीज काळातील आमच्या चर्चची घंटा घाटावरच्या एका मोठ्या देवळात आहे असे गावात पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते, आणि आमच्या मसुद्यात ते एका वाक्यात ठामपणे लिहिलेले आहे.

निर्मळकर यांचे उत्तर

ताई, मी आपल्या शेजारच्या गावचा, हिंदू कुटुंबातला आहे, आणि आपण शेजाऱ्यांचा विचार करून लिहीत आहात हे वाचून फार बरे वाटले.

घंटांची गोष्ट मुळात खरी आहे. वसई मोहिमेनंतर उत्तर कोकणातील चर्चच्या घंटा मराठे सरदारांनी देशावर नेल्या आणि त्या देवस्थानांना अर्पण केल्या. नाशिकच्या पंचवटीतील नारोशंकराच्या देवळावरील घंटेवर १७२१ हे वर्ष आहे; वाईजवळ मेणवली येथे नाना फडणविसांच्या वाड्यालगतच्या घाटावर जी घंटा आहे, तिच्यावर १७०७ हे वर्ष आणि मरियामातेची आकृती आहे; भीमाशंकरलाही अशी घंटा आहे. परंतु यांपैकी कोणती घंटा कोणत्या चर्चची, हे घंटेवर त्या चर्चचे किंवा आश्रयदात्या संताचे नाव असल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून आपल्या मसुद्यातील ठाम वाक्याऐवजी ‘गावात अशी परंपरा आहे’ असे लिहावे, आणि शक्य झाल्यास त्या देवळात जाऊन घंटेवरील अक्षरांचा ठसा किंवा जवळून छायाचित्र घ्यावे. देवस्थानचे लोक आडकाठी करतील असे वाटून घेऊ नये. या घंटा आज त्या देवळांच्याही इतिहासाचा भाग आहेत आणि त्यांचा मूळ प्रवास जाणून घेण्याची उत्सुकता तेथील पुजाऱ्यांनाही असते.

धर्मांतराबद्दल म्हणाल तर जे घडले ते सरळ लिहावे. पोर्तुगीज अमलात या परिसरातील देवळे पाडली गेली, निर्मळच्या तीर्थाचीही हानी झाली, आणि पेशवाईत शंकराजी केशव फडके यांच्याकडे वसईचा कारभार असताना येथील देवस्थाने पुन्हा उभी राहिली. पेशवाईत आणि नंतरही काही ख्रिस्ती कुटुंबांना शुद्ध करून हिंदू समाजात परत घेतले गेले, हेही आपल्या इतिहासाचेच अंग आहे. आपल्या पूर्वजांपैकी कोण मनापासून ख्रिस्ती झाले, कोण जमिनीसाठी आणि कोण भीतीपोटी, याचा निवाडा आज आपण करू शकत नाही. पण मोकळीक असतानाही, पोर्तुगीज राजा आणि त्याचे सैन्य निघून गेल्यावरही, त्यांच्या पणतवंडांनी तोच धर्म पाळला, एवढे तर कागदांवरून दिसते. मला या वस्तुस्थितीचे अतिशय मोल वाटते. परक्या राजाने दिलेला धर्म अशी जी ओळख वसईच्या ख्रिस्ती लोकांना चिकटवली जाते, तिला यापेक्षा चांगले उत्तर नाही, आणि ते उत्तर तुमच्या कोऱ्या राहिलेल्या पानांतच आहे.

आणखी एक गोष्ट. चिमाजीअप्पांच्या मोहिमेचे वर्णन करताना ‘आपण’ आणि ‘ते’ हे शब्द जपून वापरावेत. आमच्याकडील काही लेखकांनी वसईच्या विजयाचे वर्णन असे केले आहे की, जणू येथील ख्रिस्ती शेतकरी पोर्तुगीज सैन्यातच होते. त्याची प्रतिक्रिया म्हणून ख्रिस्ती बाजूने मराठ्यांना केवळ विध्वंसक म्हणून रंगवले जाते. दोन्ही चित्रांत नंदाखालचा बागायतदार दिसत नाही. त्याला सारा पूर्वी पोर्तुगीज जमीनदाराकडे भरावा लागत होता, नंतर तो सुभ्याकडे भरावा लागला. त्याच्या विहिरीचे पाणी आणि केळीचा हंगाम तोच राहिला.

पापडीचा वाचक यांचे उत्तर

चर्चा वाचून समाधान वाटले. आपला भाग विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत असला तरी एक धागा पुढच्या प्रकरणापर्यंत न्यावा असे सुचवतो, आणि तो भाषेचा आहे.

आपल्या वह्या पोर्तुगीजमध्ये, मिस्सा लॅटिनमध्ये, घरात सामवेदी म्हणजे कादोडी बोली, शाळेत मराठी, अशी व्यवस्था फार काळ चालली. मुंबईतील ईस्ट इंडियन समाज, म्हणजे तेथील मूळचे ख्रिस्ती लोक, हळूहळू इंग्रजीकडे वळला. १८८७ मध्ये त्यांची संघटना स्थापन झाली, त्या काळापासून हा कल अधिक स्पष्ट दिसतो. वसई मात्र मराठीत राहिली. याचे श्रेय जितके मराठी शाळांना, तितकेच वसईच्या शेतकरी जीवनाला आहे, कारण ज्याचा माल रोज बाजारात जातो आणि ज्याचे शेजारी मराठी बोलतात, त्याला दुसऱ्या भाषेची गरज पडली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषा वापरण्याची मुभा दिली, तेव्हा वसईतील धर्मग्रामांत मिस्सा मराठीत येऊ शकली, ती या पूर्वतयारीमुळेच. मराठी गायनमंडळे, मराठी भक्तिगीते आणि ‘सुवार्ता’ मासिक हे सारे त्याच मातीत वाढले.

या परंपरेतील सर्वांत ठळक नाव तर आपल्याच गावचे आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचा जन्म १९४२ साली नंदाखालला झाला. त्यांनी दीर्घकाळ ‘सुवार्ता’चे संपादन केले, हरित वसईच्या चळवळीत पाणी आणि शेतजमीन वाचवण्यासाठी ते रस्त्यावर उतरले, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. जुलै २०२४ मध्ये ते आपल्यातून गेले. आपल्या पुस्तकात त्यांच्यावर स्वतंत्र प्रकरण असणारच, परंतु ते व्यक्तिचित्र म्हणून सुटे ठेवू नये. ज्या धर्मग्रामाने राजकीय सत्ता अनेक वेळा बदललेली पाहिली आणि तरीही गावची बोली सोडली नाही, त्या धर्मग्रामातून मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष निघतो, हा क्रम वाचकाला दिसला पाहिजे.

व्यावहारिक सूचना एवढीच की, सत्तरी ओलांडलेल्या स्त्रियांच्या मुलाखती आताच ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात, आणि प्रश्न त्यांना त्यांच्याच बोलीत विचारावेत. लॅटिन मिस्सेच्या काळात बाया चर्चमध्ये कोणती प्रार्थना पुटपुटत असत, पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्म्याच्या सणाला घरात काय रांधले जाई, लग्नाच्या आदल्या दिवसाची गाणी कोणती, पाड्यातील क्रूसापुढे रोझरी कोण सांगत असे, हे पुरुषांना विचारून मिळत नाही आणि पणजीच्या अभिलेखागारातही मिळणार नाही. ‘कसर’ यांनी सांगितलेल्या वह्यांपैकी कुटुंबवार यादीची एखादी प्रत सापडली तर तीच हातात घेऊन मुलाखतीला जावे. पाड्यातील घरांची नावे एकेक करून वाचली की आठवणी क्रमाने निघतात. ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती कराव्यात, एक चर्चमध्ये आणि एक गावच्या वाचनालयात ठेवावी, आणि सोबतच्या कागदावर बोलणाऱ्या आजींचा पाडा, माहेर आणि जन्मवर्ष त्यांच्या संमतीने लिहून ठेवावे.